कोलारच्या सोनखाणी : खोली आणि माणसे

२८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी बंद झाली आणि कोलार सुवर्णक्षेत्रात एकशेवीस वर्षे चाललेले काम थांबले. तेवढ्या अवधीत या जमिनीतून सुमारे ८०० टन सोने निघाले. संस्थेचा इतिहास लिहायला बसले की अशा आकड्यांची वाट समोर तयारच असते. कंपन्या किती, सोने किती, लाभांश किती वाटला, एवढे मांडले की पाने भरतात. या स्मरणिकेसाठी लिहिताना मी ती वाट थोडी बाजूला ठेवली आहे. कोलारने सोने दिलेच. पण खाणीत उतरलेला माणूस पाळी संपल्यावर धडपणे वर यावा यासाठी काय काय करावे लागते, हे देशाला शिकवण्यात कोलारचा वाटा फार मोठा आहे. ते शिक्षण तिथल्या कामगारांच्या जिवावर झाले. हा भाग तळटिपेत जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कोलारचे नाव मराठी वाचकाला परके नाही. विजापूर दरबाराकडून शहाजीराजांना मिळालेल्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळूरबरोबर कोलारही होते. सोन्याचे काम मात्र त्याच्याही कितीतरी आधीचे. जुन्या खड्ड्यांच्या खुणा या भागात जागोजाग होत्या आणि त्यांच्यावरूनच पुढे इंग्रजांना माग लागला.

टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या सीमेची मोजणी चालू असताना, १८०२ मध्ये, लेफ्टनंट जॉन वॉरन या अधिकाऱ्याच्या कानावर इथल्या सोन्याच्या गोष्टी आल्या. सोने दाखवील त्याला बक्षीस देऊ, असे त्याने जाहीर केले. उरगाम गावची माणसे बैलगाडीत माती भरून घेऊन आली आणि त्याच्यासमोर ती धुऊन त्यांनी सोन्याचे कण काढून दाखवले. मरीकुप्पमला त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. गावातली अस्पृश्य मानली गेलेली माणसे अरुंद खड्ड्यांतून तीस-चाळीस फूट खाली उतरत. फोडलेला दगड टोपल्यांतून हातोहात वर येई आणि वर बायका तो कुटून त्याची पूड करीत. पुढे पोलादी पिंजरे आले, विजेची यंत्रे आली, तरी खाली उतरणारा माणूस बहुतांशी याच समाजांतला राहिला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वॉरनचा अहवाल छापला गेला आणि अनेक वर्षे तसाच पडून राहिला. तो नीट वाचला मायकेल फिट्झजेरल्ड लव्हेल या आयरिश माणसाने. न्यूझीलंडमधल्या माओरी युद्धात लढून आलेला हा शिपाईगडी बंगळूरच्या छावणीत स्थायिक झाला होता. १८७१ मध्ये बैलगाडीने तो कोलारच्या बाजूला फिरला, जुने खड्डे पाहिले, आणि सरकारकडे परवान्यासाठी खेटे घालू लागला. म्हैसूरचा कारभार त्या वेळी इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. १८७५ मध्ये त्याला वीस वर्षांचा पट्टा मिळाला. उत्साह दांडगा, पण पैसा अपुरा, त्यामुळे थोड्याच काळात हक्क इतरांच्या हाती गेले. बंगळूरमध्ये एक रस्ता त्याच्या नावाने आहे. तिथल्या खानावळींत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

१८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीचा प्रवेश झाला आणि संस्था म्हणून कोलारचा इतिहास खऱ्या अर्थाने सुरू झाला. पहिली काही वर्षे निराशेची गेली. भांडवल जवळजवळ संपले होते आणि कंपनी गुंडाळण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तेव्हा प्लमर नावाच्या खाणतज्ज्ञाने जुन्या कामांचा माग काढत खोलवर शोध घेतला आणि गारगोटीची ती प्रसिद्ध शीर सापडली, जिला पुढे 'चॅम्पियन' हे नाव मिळाले. उत्तर-दक्षिण अशी काही मैल धावणारी, रुंदीला कित्येक ठिकाणी जेमतेम तीन-चार फूट, आणि जवळजवळ उभी खाली जाणारी. तिच्यावर म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम आणि नंदीदुर्ग अशा चार मोठ्या खाणी उभ्या राहिल्या. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी व्यवस्थापन टेलर पेढीचेच. उत्पन्नातला ठरावीक हिस्सा म्हैसूर संस्थानाला मिळे.

शीर उभी होती, याच गोष्टीत पुढचा सगळा इतिहास दडलेला आहे. आडव्या पसरलेल्या थरात काम बाजूला सरकवता येते. उभ्या शिरेत सोने हवे तर खालीच जावे लागते, दर वर्षी आणखी खाली.

खाणीबरोबर तिच्याभोवतीचे सगळे उभे राहिले. बंगळूर-मद्रास लोहमार्गावरच्या बौरिंगपेटहून, म्हणजे आजच्या बांगारपेटहून, रेल्वेचा फाटा मरीकुप्पमपर्यंत आला. पालार नदीवरच्या बेतमंगलच्या तलावातून पाणी आले. वीज आणण्याचा विचार कॅप्टन जॉली द लॉतबिनिए या इंजिनिअरने मांडला आणि दिवाण शेषाद्री अय्यर यांनी तो उचलून धरला. कावेरीवरच्या शिवसमुद्रम् धबधब्यापासून कोलारपर्यंत ९२ मैलांची तार ओढली गेली. इतक्या दूर वीज नेण्याचे काम तेव्हा जगातही फारसे कोणी केले नव्हते. जून १९०२ मध्ये वीज खाणींवर पोहोचली. तो दिवस पाहायला शेषाद्री अय्यर राहिले नाहीत. आदल्या वर्षीच ते वारले होते. विजेमुळे पिंजरे वेगाने खालीवर होऊ लागले, पंप चालू लागले, आणि म्हणूनच आणखी खोल जाणे परवडू लागले.

काम करायला माणसे आली ती मुख्यतः उत्तर अर्काट, चित्तूर, सेलम या जिल्ह्यांतून. तमिळ आणि तेलुगू बोलणारी, बहुसंख्य दलित, दुष्काळाने आणि गावच्या वेठबिगारीने घाईला आलेली. देखरेखीला कॉर्नवॉलचे खाणकरी होते, काही इटालियन होते आणि अँग्लो-इंडियन होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगारांची संख्या तीस हजारांच्या घरात होती. साहेबांचे बंगले, क्लब, टेनिस एका बाजूला. तट्ट्यांच्या आणि पत्र्याच्या एकखणी झोपड्यांच्या 'लाइनी' दुसऱ्या बाजूला. पाळी सुटली की प्रत्येक कामगाराची झडती होई, कारण चोरीच्या सोन्याचा धाक कंपन्यांच्या मनात कायमचा होता.

आता अपघातांकडे वळतो. १८९० च्या दशकापर्यंत हिंदुस्थानात खाणकामावर देखरेख ठेवणारा कायदा नव्हता. जेम्स ग्रंडी यांची खाण-निरीक्षक म्हणून भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नेमणूक झाली होती, पण त्यांच्या सूचना मानल्याच पाहिजेत असे बंधन कोणावर नव्हते. १८९७ मध्ये कोलारच्या खाणीत ५२ माणसे मेली. त्याच सुमारास बलुचिस्तानातल्या खोस्त इथल्या कोळसा खाणीत ४७ मेली. एक सोन्याची खाण, एक कोळशाची. दोहोंमध्ये हजार मैलांहून जास्त अंतर. पण या दोन आकड्यांनी सरकारला हलवले. १९०१ मध्ये पहिला खाण कायदा झाला आणि जानेवारी १९०२ मध्ये कलकत्त्याला खाण-तपासणीचे कार्यालय सुरू झाले. ते पुढे धनबादला गेले आणि आजचे खाण सुरक्षा महानिदेशालय ते तेच. म्हणजे ज्या वर्षी कोलारला वीज आली, त्याच वर्षी देशातल्या खाण-सुरक्षेचा सरकारी कारभार सुरू झाला. पहिल्या घटनेचे कौतुक सगळीकडे वाचायला मिळते, दुसरीमागे कोलारचे ५२ मृत्यू आहेत हे क्वचित कोणी लिहितो. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, कोलार म्हैसूर संस्थानात असल्याने ब्रिटिश मुलखातला कायदा तिथे आपोआप लागू होत नव्हता. संस्थानाला आपले वेगळे खाण-नियम करावे लागले.

पण कोलारचा खरा शत्रू पुढेच होता. १८९८ पासून एका निराळ्याच अपघाताच्या नोंदी सापडतात. सुरुंग लावलेला नाही, आग नाही, वायू नाही, आणि तरी खडक अचानक फुटतो. कामगार आणि साहेब दोघेही त्याला 'एअर ब्लास्ट' म्हणत, कारण आधी जाणवे तो हवेचा तडाखा.

हे होते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. जमिनीखाली तीन किलोमीटरवर डोक्यावरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटीमीटरला आठशे किलोंहून जास्त भरतो. शिवाय बाजूंनी येणारा दाब असतो तो वेगळाच. खडक अखंड असतो तोवर हा भार सगळीकडे वाटला जातो. शीर काढून घेतली की मधे पोकळी राहते, आणि तिथला भार आजूबाजूच्या, अजून न काढलेल्या भागावर जाऊन बसतो. कोलारचा खडक कठीण आणि ठिसूळ. मऊ खडक असता तर हळूहळू दबला असता, चिरा पडल्या असत्या, माणसांना सावध व्हायला वेळ मिळाला असता. हा खडक शेवटच्या क्षणापर्यंत भार सोसतो आणि मग एकदम फुटतो. टनावारी दगड बोगद्यात फेकला जातो, लाकडी टेकू काड्यांसारखे मोडतात, दिवे विझतात, धुळीने श्वास कोंडतो. जमिनीवर, कित्येक हजार फूट वर, घरांतली भांडी हलतात. कोलारच्या घरांत बायका हा हादरा ओळखत. पाळीवर कोण आहे हे मनात मोजत त्या शाफ्टच्या दिशेने निघत.

पहिल्या काही वर्षांत हे दैव म्हणून सोडून दिले जाई. संस्थानाचे भूगर्भशास्त्रज्ञ डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९०४ मध्ये या हादऱ्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि तिथून गोष्ट दैवाच्या हातून अभ्यासकांच्या हाती आली. १९१२ मध्ये खाणींवर भूकंपमापक बसवला गेला. कागदावर उमटणाऱ्या रेघांवरून कोणता हादरा किती मोठा आणि कुठून आला, याचा अंदाज बांधता येऊ लागला. कामाच्या पद्धतीही बदलल्या. सोने काढून घेतल्यावर राहणारी पोकळी लाकडावर सोडून न देता ग्रॅनाइटच्या घडीव दगडांच्या भिंतींनी भरली जाऊ लागली. कोणता पट्टा आधी काढायचा, कोणता नंतर, मधे शिल्लक ठोकळे राहू द्यायचे नाहीत, असे क्रमाचे नियम झाले. पुढे काँक्रीटचा भराव आला, बोगद्यांना पोलादी कमानी आल्या. १९७८ च्या सुमारास मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने खाणीत संवेदकांचे जाळे बसले आणि खडकाच्या बारीकसारीक कुरकुरीवर लक्ष ठेवता येऊ लागले.

यातून खडक फुटणे थांबले का? नाही. १९६२ मध्ये आणि १९७१ मध्ये चॅम्पियन रीफ खाणीत मोठे स्फोट झाले आणि त्यांमागोमाग धक्क्यांची मालिका चालू राहिली. जितके शिकावे तितकी खाण आणखी खोल जात होती. पण मृत्यू कमी करण्याचे शास्त्र मात्र इथेच घडले. १९८८ मध्ये राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था स्थापन झाली ती कोलारलाच, आणि तिचा पाया खाणीतल्या स्फोटांचा अभ्यास करणाऱ्या विभागाने घातलेला होता. आज देशात कुठे धरणाचा बोगदा खणतात, भुयारी वीजगृह उभारतात, तेव्हा खडकाचे वागणे मोजण्यात या संस्थेचा हात असतो.

खोलीबरोबर उष्णताही वाढत गेली. चॅम्पियन रीफ तीन किलोमीटरच्याही खाली, सुमारे ३२०० मीटरपर्यंत पोहोचली आणि जगातल्या सर्वांत खोल खाणींमध्ये गणली गेली. तळाशी खडकाचे तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास. थंड केलेली हवा खाली सोडल्याशिवाय तिथे माणूस उभाही राहू शकत नव्हता.

अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एका क्षणात घडलेले काहीतरी येते. कोलारमधला सर्वांत मोठा घात मात्र सावकाश झाला. गारगोटीला भोक पाडताना बारीक धूळ उडते. ती डोळ्यांना दिसतही नाही, पण श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षे गाठी धरते. माणूस आधी जिना चढताना धापा टाकतो, मग सपाट रस्त्यावर, मग अंथरुणात. त्यावर उपाय नाही. १९४० ते १९४६ या काळात कोलारच्या ७,६५३ कामगारांची तपासणी झाली आणि त्यांच्यातल्या ३,४०२ जणांना, म्हणजे शंभरांतल्या जवळपास ४४ जणांना, सिलिकोसिस असल्याचे निघाले. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात भारतातल्या सिलिकोसिसच्या प्रकरणाची सुरुवात आजही कोलारपासून होते.

हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. खडक फुटून मेलेल्या माणसाची नोंद त्याच दिवशी होते, चौकशी होते. फुफ्फुसात धूळ घेऊन गावी परत गेलेला, तिथे पाच-दहा वर्षांनी मेलेला कामगार कुठल्या अपघाताच्या यादीत येत नाही. पाण्याचा फवारा मारत भोक पाडणे, हवा खेळती ठेवणे, क्ष-किरण तपासणी हे उपाय कोलारमध्ये आले, आणि या रोगासाठी नुकसानभरपाईचे नियमही झाले. पण खाणी पन्नास-साठ वर्षे चालल्यानंतर. तोवर किती पिढ्या खाली उतरून वर आल्या होत्या, याचा विचार केला की ८०० टनांचा आकडा तोंडात येत नाही.

या माणसांकडे केवळ सोसणारी म्हणून पाहणेही बरोबर नाही. १९३० मध्ये कामगारांची अंगठ्याचे ठसे घेऊन नोंदणी करण्याचा फतवा निघाला. गुन्हेगारांसारखी वागणूक आम्हांला नको, म्हणत हजारो कामगारांनी एकाएकी काम सोडले. कुठलीही नोंदलेली संघटना पाठीशी नसताना संप सुमारे तीन आठवडे टिकला. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पंडित अयोत्तिदास यांच्या शाक्य बौद्ध चळवळीची शाखा मरीकुप्पमला उभी राहिली होती. दिवसभर खाणीत राबणारी माणसे संध्याकाळी तिथे बुद्धाचा धम्म, जातीचा इतिहास, वर्तमानपत्र वाचत बसत. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची. कोलारच्या खाणकामगारांनी तो मार्ग त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी धरला होता. आपल्याकडे आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या धाग्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते.

मुंबईचा आणखी एक संबंध सांगायला हवा. होमी भाभांच्या सूचनेवरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वैश्विक किरण मोजण्याची उपकरणे घेऊन कोलारच्या खाणीत उतरले. वरचा खडक इतका जाड की बहुतेक सगळे कण तिथेच अडतात. त्यातूनही जे पार होईल ते मोजायचे. १९६५ मध्ये सुमारे २३०० मीटर खोलीवर, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सहकार्याने, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा तिथे प्रथम टिपल्या गेल्या. जगभर याची नोंद झाली. उपकरणे खाली नेणे, जागा कोरून देणे, पाणी उपसणे, हवा पोहोचवणे हे सगळे खाणीच्या लोकांनी केले. अशा शोधांच्या श्रेयनामावलीत खाणकामगारांचा उल्लेख मोठ्या अक्षरांत असायला हवा.

उत्तरार्ध मी थोडक्यात सांगतो. १९५६ मध्ये म्हैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड स्थापन झाली. सुरुवातीला टनामागे चाळीस ग्रॅमच्या पुढे सोने देणारा दगड अखेरीस तीन-चार ग्रॅमवर आला होता, आणि तो काढायला तीन किलोमीटर खाली जावे लागत होते. तोटा वाढत गेला. कंपनी आजारी ठरली आणि २००१ मध्ये बंद झाली. पंप थांबले, खाणींत पाणी भरले. ज्यांच्या तीन-चार पिढ्या इथे गेल्या ते आता मरीकुप्पमहून पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात.

खाणीने मागे ठेवलेल्या चाळाचे, सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचे डोंगर वस्तीला लागून उभे आहेत. सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल आहे तो. वारा सुटला की ही भुकटी घरांत, विहिरींत, अन्नात येते. त्यात अजून थोडे सोने शिल्लक आहे, आणि जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने हे तेरा ढीग पुन्हा उपसण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मान्यता दिली. काम निघाले तर कोलारच्या तरुणांना ते हवेच आहे. त्यात पहिला खर्च धूळ मोजण्याच्या यंत्रांवर आणि कामगारांच्या छातीच्या तपासणीवर व्हावा, आणि ती तपासणी काम सोडल्यानंतरही चालू राहावी. जुन्या कंपन्यांची अपघात-नोंदवही, इस्पितळाचे कागद, १९१२ पासूनच्या भूकंपमापकाच्या पट्ट्या यांपैकी जे जे उरले असेल ते एका ठिकाणी आणून जपण्याचे कामही याच वेळी हाती घेता येईल. खाणीतल्या मृतांची नावे त्या कागदांतच आहेत.